काढून टाकणे आणि काढून देणे

प्रश्न असा आहे: पायथन या प्रोग्रामिंग भाषेत यादीतला घटक कमी करायला ‘रिमूव्ह’ आणि ‘पॉप’ अशा दोन आज्ञा आहेत. मराठीत शिकवताना दोन्हींना ‘काढणे’ म्हटलं की नवशिक्यांचा गोंधळ उडतो. मग एकीला ‘निष्कासन’ आणि दुसरीला ‘अपनयन’ म्हणावं का?

माझं स्पष्ट मत, म्हणू नये. हे दोन शब्द पाठ करावे लागतील आणि कुठला कशासाठी हे पुन्हा वेगळं लक्षात ठेवावं लागेल. हवा असलेला फरक मराठी क्रियापदांत आधीपासून आहे. ‘लिहिणे’ घ्या. अर्ज लिहून दिला, पत्ता लिहून घेतला, हिशेब लिहून ठेवला, निबंध एकदाचा लिहून टाकला. क्रिया तीच, पण तिचं फळ कोणाच्या हाती पडलं ते पुढचं सहायक क्रियापद सांगतं. रिमूव्ह आणि पॉप यांच्यातला फरकही नेमका हाच आहे.

समजा ‘रंग’ नावाच्या यादीत लाल, निळा, हिरवा, निळा असे चार घटक आहेत. (चलाला, म्हणजे व्हेरिएबलला, असं देवनागरी नाव खरोखर देता येतं, 2008 साली आलेल्या पायथन 3.0 पासून ही मुभा आहे.) रिमूव्हला ‘निळा’ सांगितलं की पहिला निळा जातो, शेवटचा तसाच राहतो. गेलेला घटक आपल्याला मिळत नाही. उत्तरादाखल येतो तो ‘नन’, म्हणजे काहीच नाही. हे काढून टाकणं. पॉपच्या कंसात काहीच लिहिलं नाही, तर यादीतला शेवटचा घटक निघतो आणि तोच उत्तर म्हणून परत येतो. कंसात शून्य लिहिलं तर लाल मिळतो, कारण पायथन जागा शून्यापासून मोजतं. हे काढून देणं. रिमूव्हचं उत्तर एखाद्या चलात साठवून ‘यात काहीच कसं नाही?’ असं नवशिके हमखास विचारतात. ‘काढून टाक’ हे शब्द कानावर पडले असतील, तर टाकलेलं हाती येणार नाही हे वेगळं समजवावं लागत नाही.

पॉपला ‘काढून घेणे’ का नको? आज्ञा लिहिणाऱ्याच्या बाजूने ते बरोबरच आहे. पण ‘काढून घेणे’ला हिसकावण्याची छटा आहे, आणि पायथनच्या वाक्यात यादीचं नाव आधी येतं. यादी काढून देते, हे त्या रचनेला जास्त जुळतं.

क्रम लावतानाही अशीच जोडी कामी येते. ‘सॉर्ट’ मूळ यादीच क्रमाने लावून ठेवतं आणि उत्तरात ‘नन’ देतं; ‘सॉर्टेड’ मूळ यादीला हात न लावता नवी यादी लावून देतं. ‘अपेंड’ म्हणजे शेवटी जोडणं, ‘इन्सर्ट’ म्हणजे सांगितलेल्या जागी घालणं. तिथे अडचण नाही.

राहिलं ‘डेल’. तेही काढूनच टाकतं, फक्त रिमूव्हला घटक सांगावा लागतो आणि डेलला जागा. इथे नवं क्रियापद शोधू नये. ‘निळा काढून टाक’ आणि ‘जागा 1 वरचा काढून टाक’, एवढ्यावर भागतं.