जखमी चितळ आणि जुन्या शिकाऱ्याचा अपराधभाव

जखमी प्राणी डोळ्यांसमोर दिसला, आपण काहीच करू शकलो नाही आणि आता तो मनातून जात नाही, ही व्यथा घेऊन मुंबईत बरेच जण माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. बहुतेकदा तो प्राणी रस्त्यावरचा कुत्रा किंवा मांजर असतो. हा अनुभव मात्र चितळाचा आहे आणि तो सांगणारे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ तरुणपणी शिकार करीत असत. त्यांच्या संमतीने, ओळख पटू नये इतके तपशील बदलून तो येथे देत आहे.

बोरिवलीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ते सकाळी फिरायला जातात. तेथे त्यांना मागचा पाय ओढत चालणारी चितळाची मादी दिसली आणि काही दिवसांनी मानेवर जखम असलेला नर. दोन्ही वेळा त्यांनी वनकर्मचाऱ्यांना कळवले. कर्मचाऱ्यांनी जागा विचारून घेतली आणि प्राण्याच्या मागे जाऊ नका, असे बजावले. तेव्हापासून त्यांची झोप उडाली होती. "मॅडम, जखमी जनावर रानात टाकून घरी यायचं नसतं," हे वाक्य ते पुन्हा पुन्हा उच्चारत.

हा नियम त्यांच्या वडिलांचा होता. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्यापूर्वी परवान्याने शिकार करता येत असे आणि कोकणातल्या गावी वडिलांबरोबर ते भेकराच्या शिकारीला जात. गोळी लागूनही जनावर पळाले, तर अंधार पडला तरी रक्ताचा माग काढत जायचे आणि त्याच्या यातना संपवायच्या, अशी शिस्त होती. एकदा पावसाने माग धुऊन गेला आणि भेकर सापडले नाही. त्या रात्री वडील जेवले नव्हते, असे सांगताना त्यांचा आवाज कापत होता.

त्या नियमाबद्दल मला आदर वाटतो आणि तो मोडीत काढावा, असे मी त्यांना कधीही सुचवले नाही. आम्ही एवढेच तपासले की तो कोणासाठी होता. ज्याच्या गोळीने जखम झाली, त्याच्यावर शेवटपर्यंत जाण्याची जबाबदारी होती. चितळाला जखम त्यांनी केलेली नव्हती. नरांची झुंज, उद्यानाच्या कडेला फिरणारी कुत्री, तारेचे कुंपण, यांपैकी कशानेही ती होऊ शकते. शिवाय पाठलाग झाला किंवा अननुभवी माणसाने पकडले, तर भीती आणि अतिश्रमाने हरणाचे स्नायूच निकामी होऊ लागतात आणि मूळ जखम जीवघेणी नसतानाही ते काही तासांत किंवा दिवसांत दगावू शकते. म्हणजे त्यांचे मागे न जाणे हीच त्या प्राण्याला झालेली मदत होती. हे ऐकल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर मात्र त्यांनी चितळाबद्दल न बोलता त्या हरवलेल्या भेकराबद्दल बोलायला सुरुवात केली आणि पुढची भेट पूर्णपणे त्यालाच दिली.

कळवल्यानंतरचा वेळ त्यांना सर्वांत जड जाई. म्हणून कोणता प्राणी, कोठे, किती वाजता दिसला आणि कोणाला कळवले, हे वहीत लिहायचे आणि मन जखमेची कल्पनाचित्रे रंगवू लागल्यास ती नोंद वाचायची, असे आम्ही ठरवले. महाराष्ट्र वन विभागाचा १९२६ हा क्रमांकही त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे. फिरणे त्यांनी सोडलेले नाही आणि झोप हळूहळू सुधारत आहे. असे दृश्य महिनाभरानंतरही जबरदस्तीने डोळ्यांसमोर येत असेल, झोप आणि रोजची कामे बिघडत असतील, तर समुपदेशनाबरोबर मानसोपचारतज्ज्ञांचीही भेट घ्यावी.