मेंढ्याच्या आधी पाटल्या

पत्र : अकरा वर्षांपूर्वी ह्यांचं काम सुटलं तेव्हा आईच्या पेटीतल्या दोन तोळ्यांच्या पाटल्या मी गुपचूप नेऊन मोडल्या. संशय वहिनीवर आला. मी गप्प बसले. आई गेली तीही वहिनीवरचा राग मनात घेऊनच. तेव्हापासून दर शुक्रवारी उपास करते, उत्पन्नाच्या दशमांशाच्या वर दान टाकते; पण मंडळीत प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट आलं की न घेताच पुढे सरकवते. बायबलमधलं लेवीय, ते बळींचे नियम, वाचताना वाटतं, त्या लोकांना निदान एक कोकरू देऊन मोकळं होता येत होतं. मी काय देऊ?

ताई, सलाम.

कोकरू देऊन मोकळं होणं इतकं सोपं नव्हतं हो. लेवीयच्या चौथ्या अध्यायात साधा माणूस पापार्पण, म्हणजे पापाच्या क्षमेसाठीचा बळी, आणतो, तेव्हा जनावराच्या डोक्यावर हात त्यानेच ठेवायचा आणि वधायचंही त्यानेच. याजकाचं, म्हणजे पुरोहिताचं, काम त्यानंतर, रक्त वेदीकडे नेण्याचं. ज्यांच्या दारात शेळी बांधलेली असते त्यांना ठाऊक आहे, तळव्याखाली ते कपाळ किती गरम लागतं. आणि ज्याची ऐपत नाही त्याने दोन पारवे आणावेत, तेही जमत नसतील तर थोडं सपीठ. क्षमेचा भाव ठरलेला असता तर सपिठावर कोण भागवून घेतं?

तरीही नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र सांगतं की बैलाबकऱ्यांच्या रक्ताने पापं जाणं शक्यच नव्हतं. दरवर्षी प्रायश्चित्ताचा दिवस यायचा, प्रमुख याजक परमपवित्रस्थानात, उपासनास्थळाच्या सगळ्यात आतल्या भागात, जायचा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याच पत्राच्या दहाव्या अध्यायातली एक गोष्ट माझ्या फार जिव्हाळ्याची आहे. याजक रोज उभे राहून तीच ती अर्पणं करत असतात. ख्रिस्त मात्र एकच अर्पण करून देवाच्या उजवीकडे बसला. निवासमंडपाच्या, म्हणजे त्यांच्या उपासनेच्या तंबूच्या, सामानात मेज आहे, दीपवृक्ष आहे, वेदी आहे. याजकाला टेकायला आसन कुठे सांगितलेलं नाही, कारण त्याचं काम कधी संपतच नसे. ख्रिस्ताचं संपलं. तुम्ही मात्र दर शुक्रवारी पुन्हा उभ्या राहता, जे फिटलंय त्याचे हप्ते भरायला. ते उपास बंद करा.

आता जड बोलते. अकरा वर्षं तुम्ही देवाला देत आलात आणि वहिनीला काहीच दिलं नाहीत. लेवीयच्या सहाव्या अध्यायात चोरी केलेल्याला आधी वस्तू परत करायला सांगितलंय, वर पाचवा हिस्सा घालून, ज्याची त्याला; आणि त्याच्या जोडीने दोषार्पणाचा मेंढा. मेंढ्याच्या जागी ख्रिस्त आला. पाटल्यांच्या जागी कुणी आलेलं नाही.

सोन्याचा हिशेब तुमच्या भावाशी करा, आजच्या दराने आणि पाचव्या हिश्श्यासकट. एकदम जमणार नसेल तर मुदत मागून घ्या, दानाचे जादा पैसे तिकडे वळवा. वहिनीचं गेलं ते नाव. त्यासाठी आधी तिच्याकडे एकट्या जा आणि सरळ सांगा, "पाटल्या मी नेल्या, आणि तुझ्यावर आळ आला तेव्हा मी गप्प राहिले." नवऱ्याचं काम सुटल्याची कथा आधी लावू नका. रडून तिच्यावर तुमची समजूत काढायची वेळ आणू नका. "देवाने मला क्षमा केली आहे," हे तर त्या दिवशी अजिबात बोलू नका. ते खरं असलं तरी तिच्या तोंडावर मारायचं नसतं. मग ज्यांच्या ज्यांच्या समोर तिच्यावर बोट उठलं होतं, त्यांनाही तुम्हीच सांगा.

ती चिडेल. कदाचित वर्षभर बोलणार नाही. तो तिचा हक्क आहे. तिचा राग म्हणजे देवाचा नकार असं मात्र समजू नका.

प्रभुभोजनाचं म्हणाल, तर प्रेषित पौल आपल्या पत्रात करिंथकरांना आत्मपरीक्षा करायला सांगतो आणि मग भाकर खायला सांगतो. ताट सरकवून द्यायला तो कुठेच सांगत नाही. वहिनी घरी एकटी कधी सापडते, हे तुम्हाला माहीत असेलच. या आठवड्यातच जा. आणि पुढच्या वेळी ताट तुमच्यापर्यंत आलं, की वहिनीने काहीही उत्तर दिलेलं असो, घ्या.