'क्ष-किरण'मधला 'क्ष' क्षयाचा नव्हे

प्रश्न : 'क्ष-किरण' हा शब्द 'क्षय'वरून आला का? क्षयाच्या तपासणीत छातीचा एक्स-रे काढतात, म्हणून? आणि एमआरआयलाही क्ष-किरण तपासणी म्हणावं का?

नाही, क्षयाचा इथे काही संबंध नाही. चांगले शिकलेले लोकही सर्रास 'क्षयकिरण' म्हणतात आणि दरवेळी माझं डोकं फिरतं, कारण खरी व्युत्पत्ती याहून कितीतरी सुंदर आहे.

8 नोव्हेंबर 1895 रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये विल्हेल्म राँटगेन निर्वात नळीतून वीज सोडून प्रयोग करत होते. खोलीत अंधार होता, नळी काळ्या पुठ्ठ्याने झाकलेली होती, तरी जवळचा रासायनिक लेपाचा पडदा उजळला. पुठ्ठ्यातून आरपार काहीतरी जात होतं. काय, ते ठाऊक नव्हतं. गणितात अज्ञात राशीला एक्स म्हणतात, तेच अक्षर राँटगेननी या किरणांना लावलं. आपल्या बीजगणितात ती अज्ञात राशी म्हणजे 'क्ष'. 'समजा, वडिलांचं वय क्ष वर्षं आहे' असं म्हणत किती पिढ्यांनी गणितं सोडवली! म्हणून क्ष-किरण.

यावर काही शुद्धतावादी नाक मुरडतात. एक्सचा उच्चार 'क्स', 'क्ष' नव्हे, तेव्हा हे ढिसाळ लिप्यंतर आहे, असं त्यांचं म्हणणं. मला ते साफ अमान्य आहे. हे लिप्यंतर नाहीच. एका भाषेतल्या अज्ञाताच्या खुणेला दुसऱ्या भाषेने आपली खूण दिली आहे. आणि उच्चाराचीच गोष्ट काढायची तर संस्कृत 'अक्ष' आणि लॅटिन 'आक्सिस' शेजारी ठेवून पाहा. दोन्हींचा अर्थ चाकाचा आस, दोन्ही एकाच मुळातून आलेले. 'दक्षिण' आणि लॅटिन 'डेक्स्टर', म्हणजे उजवा, हीसुद्धा तशीच भावंडं. पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की दक्षिण उजव्या हाताला येते. या जोड्यांत लॅटिन एक्सच्या जागी संस्कृतात क्ष आहे! आता आलेखातली आडवी रेघ आठवा. इंग्रजीत 'एक्स-ॲक्सिस', आपल्याकडे 'क्ष-अक्ष'. तिकडे दोनदा एक्स, इकडे दोनदा क्ष, अगदी त्याच जागी. शिवाय एक्स रोमन वर्णमालेच्या शेपटाशी, क्ष आपल्या मुळाक्षरांच्या. ज्या कुणी पहिल्यांदा एक्सच्या जागी क्ष लिहिला, त्याच्या कानात 'अक्ष' घुमत असणार, असं माझं ठाम मत आहे. नुसत्या 'क्स'मध्ये यातलं काय हाती लागलं असतं?

1912 मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून हे किरण स्फटिकातून पाठवले गेले, तेव्हा फोटोच्या काचेवर ठिपक्यांची नियमित नक्षी उमटली. हे तरंगच, प्रकाशाच्या जातीचे, फक्त तरंगलांबी फार लहान, हे त्यातून पक्कं झालं. म्हणजे क्षची किंमत निघाली, तरी नाव क्षच राहिलं. जर्मन लोक मात्र आजही राँटगेन किरणच म्हणतात.

आणखी एक चूक : 'क्ष-किरण काढला'. 'एक्स-रे काढला' हे उत्तम मराठी आहे, कारण बोलण्यात एक्स-रे म्हणजे फोटो असा अर्थ केव्हाच रुळला. 'क्ष-किरण'चा अर्थ अजून किरणच आहे, आणि किरण कसा काढणार? छातीची फिल्म उजेडासमोर धरा. फुप्फुसं काळी दिसतात, तिथून किरण पार गेले. बरगड्या पांढऱ्या, तिथे ते अडले. हाडातल्या कॅल्शियमचा अणुक्रमांक, म्हणजे अणुकेंद्रातल्या प्रोटॉनची संख्या, 20, मांसातल्या कार्बनचा 6 आणि ऑक्सिजनचा 8. किरण शोषून घेण्याची एक महत्त्वाची प्रक्रिया अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या पटीत वाढते, म्हणून हाड इतकं उठून दिसतं. तुमच्या हातात असते ती हाडांची सावली.

एमआरआयचं राहिलंच. त्यात जबरदस्त चुंबक आणि रेडिओ लहरी शरीरातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून संदेश काढून घेतात, सोनोग्राफीत तर निव्वळ ध्वनी असतो. दोन्हींत क्ष-किरण औषधालाही नाहीत. सीटी स्कॅन मात्र क्ष-किरणांचाच, शरीराभोवती फिरवून घेतलेला. त्याला खुशाल क्ष-किरण तपासणी म्हणा.