रोलप्लेइंग खेळाचे नियम सोपे असावेत की सविस्तर?

तुम्ही लिहिलंय की चार मित्रांसाठी पहिल्यांदाच डीएम होणार आहात, म्हणजे मित्र एकेक पात्र वठवतील आणि गोष्ट रचून निकाल तुम्ही द्याल. एक मित्र म्हणतो डी अँड डीची ('डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची) जाड पुस्तकं कोण वाचणार, एका पानात नियम मावणारा खेळ घेऊ. दुसऱ्याला तो पोरखेळ वाटतो. मी पुण्यात नऊ वर्षं एका गटासाठी खेळ चालवतेय आणि या दोन्ही टोकांना जाऊन आले आहे. माझं मत आधीच सांगते: एका पानाचा खेळ शिकायला सोपा असतो, चालवायला अवघड. पहिल्यांदाच चालवणाऱ्याने त्यावर लांबलचक कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकींत चालणारी गोष्ट, उभी करू नये.

जाड पुस्तकांबद्दलची तक्रार खरी आहे, ती मी अजिबात नाकारत नाही. डी अँड डीची २००३ सालची साडेतीन आवृत्ती आम्ही दोन वर्षं खेळलो. एकदा बाजारात पाठलाग चालला होता, चोर भिंतीवर चढत होता आणि आमच्यातली एक म्हणाली, "मी त्याचा पाय धरते." सगळे पुढे सरकून बसले. मी ग्रॅपलचे, म्हणजे कुणाला धरून ठेवण्याचे, नियम उघडले. कुणाला धरायला गेलात की आधी समोरच्याला एक आयता वार मिळतो, आणि तो लागून इजा झाली तर धरणं तिथेच फसतं. त्यातून वाचलात तर हात लागला का, याचा रोल, म्हणजे फासा टाकायचा. मग दोघांचे एकमेकांविरुद्ध रोल, त्यात आकारमानानुसार चार-चारची बेरीज-वजाबाकी. आणि धरून ठेवायचं तर नकाशावरच्या त्याच्या चौकोनात शिरायचं. हे सगळं होईपर्यंत दोघांनी फोन हातात घेतले होते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हेच एका झटक्यात होतं, पात्राच्या कागदावरच्या कौशल्यांवर: धरणाऱ्याची अ‍ॅथलेटिक्स, समोरच्याची अ‍ॅथलेटिक्स किंवा अ‍ॅक्रोबॅटिक्स, ज्याचा आकडा मोठा त्याचं खरं.

त्याच आवृत्तीतला अ‍ॅडव्हान्टेजचा नियमही मला फार आवडतो. परिस्थिती तुमच्या बाजूने असेल तर वीस बाजूंचे दोन फासे टाका आणि मोठा आकडा घ्या. आधी जिथे अधिक दोन, वजा एक अशा बारीकसारीक आकड्यांची जंत्री जुळवावी लागायची, तिथे हे एक वाक्य आलं. आणि ते वरवर दिसतं तितकं ढोबळ नाही. अकरा किंवा जास्त लागत असतील तर यशाची शक्यता ५० टक्क्यांवरून ७५ वर जाते. पण वीसच लागत असेल तर ५ वरून जेमतेम १० टक्क्यांपर्यंत. म्हणजे ज्या कामात तुमची बरोबरीची संधी आहे तिथे मदत भरपूर, अशक्यप्राय कामात थोडीच. चांगला सोपा नियम असा असतो. त्याचा हिशोब लिहिणाऱ्याने आधीच करून ठेवलेला असतो.

आता दुसरं टोक. 'लेझर्स अँड फीलिंग्ज' हा जॉन हार्पर यांचा २०१३ चा एका पानाचा अंतराळातला खेळ. तुमच्या पात्राला एकच आकडा, २ ते ५ मधला. यंत्रं आणि तर्काचं काम असेल तर सहा बाजूंच्या फाशावर त्या आकड्याखाली यायला हवं, माणसं आणि भावनांचं असेल तर वर. तयारी केली असेल तर एक फासा जास्त, त्यात तरबेज असाल तर आणखी एक. पहिले दोन सेशन आम्ही पोट धरून हसलो. तिसऱ्यात दोघांना एकाच पहारेकऱ्याला चकवायचं होतं. एक मैत्रीण बोलायला पटाईत. तिने इतकं झकास सोंग वठवलं की मी रोल न मागताच तिला आत सोडलं. दुसरा मित्र मितभाषी. तो म्हणाला, "मी काहीतरी कारण सांगून आत जातो." त्याला मी म्हटलं, कर रोल. फासा फसला. तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे इथे मला बोलता आलं पाहिजे, माझ्या कॅरेक्टरला नाही."

त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि ते माझ्या मनातून आजवर गेलेलं नाही. कधी रोल मागायचा, तयारी कशाला म्हणायचं, अपयशाची किंमत काय, हे सगळं त्या एका पानाने माझ्यावर सोपवलं होतं, आणि मी नकळत माझ्या आवडीप्रमाणे निकाल देत होते. सविस्तर नियम लाजऱ्या खेळाडूच्या पाठीशी उभे राहतात. त्याच्या कागदावर डिसेप्शन (थाप मारण्याचं कौशल्य) अधिक सात लिहिलेलं असेल तर ते त्याच्या हक्काचं असतं, डीएमची मर्जी सांभाळावी लागत नाही.

लिखित नियम की निकाल देणाऱ्याची बुद्धी, हा वाद डी अँड डीपेक्षाही कितीतरी जुना आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातल्या गेओर्ग फॉन राइसवित्झ या अधिकाऱ्याने नकाशावर खेळायचा युद्धखेळ मांडला. त्यात फासे होते, हानीची कोष्टकं होती, आणि निकाल द्यायला पंच होता. पुढे अधिकारी त्या कोष्टकांना कंटाळले आणि १८७६ साली फेर्डी द्यू फेर्न्वा या सेनानीने सुचवलं की कोष्टकं बाजूला ठेवा, पंचालाच निकाल देऊ द्या. ते चाललं, कारण पंच म्हणून बसणारे लोक खऱ्या लढाया पाहिलेले होते. त्यांच्या निकालामागे अनुभव होता. तुमच्याआमच्याकडे पहिल्या दिवशी तो नसतो, म्हणून थोडी कोष्टकं हाताशी असलेली बरी.

मात्र पुस्तक किती जाड आहे एवढंच पाहू नका, कुठे जाड आहे ते पाहा. डी अँड डीची बरीच पानं लढाईला आणि जादूला दिलेली आहेत, कारण तो खेळ तिथेच रमतो. १९८१ पासून चालत आलेला 'कॉल ऑफ कथुलू' १ ते १०० आकडा देणाऱ्या फाशांवर चालतो आणि भयंकर काही पाहिलं की पात्राचं मानसिक संतुलन किती ढळतं याचा चोख हिशोब ठेवतो. तुमच्या मित्रांना तलवारी चालवायच्या नसून गूढ उकलायचं असेल, तर डी अँड डीचे लढाईचे नियम त्यांना ओझंच वाटतील.

तलवारीच हव्या असतील तर पाचव्या आवृत्तीचे मोफत मिळणारे बेसिक रूल्स घ्या आणि पहिल्या लेव्हलपासून सुरू करा. नियम आठवला नाही तर लगेच तुमच्या बुद्धीने निकाल द्या, वहीत टिपून ठेवा आणि खरा नियम सेशन संपल्यावर शोधा. काही नियम बदलायचे असतील तर ते खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर बोला. गल्लीत एक टप्पा आऊट आहे की नाही हे बॅटिंगआधी ठरलं तर तो नियम, विकेट पडल्यावर ठरवायला गेलात तर भांडण.

आणि तुमच्या दोन मित्रांचा वाद एकाच टेबलावर मिटू शकतो. ज्याला पुस्तक नको त्याला फायटर, म्हणजे लढवय्याचं पात्र, द्या: तलवार मारायची, आणि दम लागला की सेकंड विंड घेऊन थोडी ताकद परत मिळवायची, सुरुवातीला जवळपास एवढंच. ज्याला सोपा खेळ पोरखेळ वाटतो त्याला विझर्ड, म्हणजे जादूगार, द्या. पहिल्याच लेव्हलला त्याच्या वहीत सहा मंत्र असतात, त्यातले रोज कोणते तयार ठेवायचे ते निवडायचं, आणि विश्रांती घेईपर्यंत ते टाकायला दोनच स्लॉट, म्हणजे दोनच संधी. त्या दोघांना एकाच गुहेत पाठवा.