मालवाहू विमानांच्या वाटेवर : अँकरेजविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात अलास्कातल्या अँकरेज विमानतळावर टिपलेली मालवाहू विमानांची काही छायाचित्रं छापली होती. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि आमच्या छायाचित्रण विभागाची उत्तरं.

जूनमध्ये अलास्काच्या क्रूझला जाणार आहोत. त्याआधी तीन दिवस अँकरेजमध्ये आहोत. विमानांच्या फोटोंसाठी दिवसातली कोणती वेळ धरावी? आणि एवढी मालवाहू विमानं त्या आडबाजूच्या गावात उतरतात तरी का? — एक वाचक, सिएटल

दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे. शांघाय ते शिकागो हे अंतर ११ हजार किलोमीटरच्या पुढे जातं. पूर्ण माल भरलेलं बोईंग ७४७-८एफ एका दमात साधारण साडेसात हजार किलोमीटर जातं. थेट जायचं तर माल कमी करून त्या वजनाचं इंधन घ्यावं लागेल, आणि भाडं मिळतं ते मालाचं. म्हणून वाटेत अँकरेजला उतरायचं, इंधन भरायचं, वैमानिक बदलायचे आणि पुढे निघायचं. हा थांबा बहुधा दीड-दोन तासांचा असतो. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, एखादं विमान उतरताना चुकलं तरी तेच विमान दोन तासांनी उड्डाण करताना मिळतं. उतरलेल्या विमानाची वेळ टिपून ठेवा आणि त्यावरून पुढची जागा ठरवा.

आता उजेड. अँकरेजचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे चालतं. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर (म्हणजे ठीक दक्षिणेला) येतो तो दुपारी दोनच्या सुमारास. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्योदय पहाटे सव्वाचारनंतर आणि सूर्यास्त रात्री पावणेबाराच्या आसपास. दोन समांतर धावपट्ट्या जवळजवळ नेमक्या पूर्व–पश्चिम आहेत. सूर्य सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी सातनंतर त्या रेषेच्या उत्तरेला असतो, मधल्या वेळात दक्षिणेला. त्यामुळे सकाळी नऊ ते संध्याकाळी सात या वेळात विमानाची दक्षिणेकडची बाजू उजळलेली असते, तर सातनंतर उत्तरेकडची. आपल्याकडची ‘सकाळ पूर्वेची, संध्याकाळ पश्चिमेची’ ही सवय इथे पार फसवते. सर्वांत चांगला उजेड रात्री नऊ ते साडेअकरा. नऊ वाजता सूर्य क्षितिजावर साडेतेरा अंश असतो आणि दहा वाजता साडेसात अंश. विमानाच्या पोटाखालची सावली तेव्हा उजळून निघते, चाकं आणि इंजिनांचे तळ स्वच्छ दिसतात. म्हणून दुपारी जेवून झोप काढा. रात्रीचं जेवण लवकर उरका किंवा डबा बरोबर घ्या.

उभं नेमकं कुठे राहायचं? — एक वाचक, डोंबिवली

वारा साथ देत असेल तेव्हाचा नेहमीचा क्रम असा : विमानं पश्चिमेकडून, कुक इनलेट या खाडीच्या पाण्यावरून येऊन ७ क्रमांकाच्या (त्याच दोन समांतर) धावपट्ट्यांवर उतरतात आणि ३३ क्रमांकाच्या धावपट्टीवरून उत्तरेला पाण्याकडे उडतात. शहरावर आवाज कमी व्हावा हा त्यामागचा हेतू. ३३ ची रेषा ज्या टोकाजवळून जाते ते पॉइंट वोरोंझॉफ. नॉर्दर्न लाइट्स बुलेवार्डने सरळ पश्चिमेला गेलात की तिथे पोचता. गाडी लावायला जागा आहे, आणि भरलेलं ७४७ अगदी जवळून, कधी जवळपास डोक्यावरून जातं. ही उड्डाणं उत्तरेच्या दिशेने होतात, म्हणून दुपारी दोनपर्यंत त्यांच्या रेषेच्या पूर्वेला राहा आणि नंतर पश्चिमेला. वाऱ्याची दिशा उलटली तर विमानं १५ वर (म्हणजे त्याच धावपट्टीवर उलट दिशेने) उतरायला याच टोकावरून येतात. तेव्हा ती खाली आणि सावकाश असतात, चाकं बाहेर असतात. तो दिवस मिळाला तर बाकी सगळे बेत रद्द करा.

टोनी नोल्स कोस्टल ट्रेल ही ११ मैलांची पायवाट विमानतळाच्या पश्चिम टोकाला वळसा घालून किंकेड पार्कला जाते. उतरणारी विमानं तिच्यावरूनच येतात. इथे मूस नावाचं भलंमोठं हरीण हमखास भेटतं. पिल्लू बरोबर असेल तर वाट सोडा, परत फिरा, फोटोचा विचारही नको. आणि भरतीओहोटीच्या पट्ट्यातल्या चिखलावर कोणत्याही कारणाने पाऊल टाकू नका. हिमनद्यांनी आणलेला तो बारीक गाळ वरून घट्ट दिसतो, पण पाय रुतला की धरून ठेवतो. भरतीचं पाणी आठ-नऊ मीटर चढतं आणि वेगाने चढतं. ‘जरा पुढे गेलं तर अँगल चांगला मिळेल’ हा मोह इथे जिवावर बेतू शकतो.

माझ्याकडे फुल-फ्रेम कॅमेरा आणि १००-४०० मिलिमीटरची लेन्स आहे. ६०० ची भाड्याने घ्यावी का? — एक वाचक, नाशिक

मोठ्या विमानांसाठी नको. हिशेब करून बघा. ७४७-८ ची लांबी ७६ मीटर. चौकटीच्या ३६ मिलिमीटर रुंदीपैकी ८० टक्के, म्हणजे २९ मिलिमीटर विमानाने भरायचे असतील, तर लागणारी फोकल लेंथ (लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा) = २९ × अंतर ÷ विमानाची लांबी (दोन्ही मीटरमध्ये). विमान ३०० मीटरवर असेल तर सुमारे ११५ मिलिमीटर, ६०० मीटरवर २३०, एक किलोमीटरवर ३८०. पॉइंट वोरोंझॉफला विमान इतकं जवळ येतं की ७०-२०० पण पुरते. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर असेल तर आलेल्या आकड्याला १.५ ने भागा.

मोठी लेन्स लागते ती छोट्या विमानांना. शेजारच्याच लेक हूड या तळ्यावर तरंगणारी बीव्हर विमानं अवघी सव्वानऊ मीटर लांब. दीडशे मीटरवर असलेल्या बीव्हरला याच सूत्राने ४७० मिलिमीटर लागतात. तेव्हा लेन्सचे पैसे खर्च करायचेच असतील तर तळ्यासाठी करा.

शटरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी गोम तिथे आहे. उतरणारं ७४७ साधारण १५० नॉट वेगात असतं, म्हणजे सेकंदाला ७७ मीटर. १/१००० सेकंदात ते ७.७ सेंटिमीटर सरकतं. ३०० मीटरवरून ११५ मिलिमीटरने टिपताना कॅमेरा स्थिर ठेवला, तर २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर ही हालचाल पाचेक पिक्सेलची होते. फोटो ‘जरासा मऊ’ आल्याची तक्रार बहुतेक वेळा इथून सुरू होते आणि खापर लेन्सवर फुटतं. शटर १/१००० असलं तरी विमानाबरोबर कॅमेरा फिरवायलाच हवा, आणि शटर दाबल्यावरही क्षणभर फिरवत राहायला हवा. उन्हात छिद्र (ॲपर्चर) एफ/८, शटर १/१००० आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २०० ते ४०० इथून सुरुवात करा.

डिसेंबरमध्ये गेलो होतो. हवा स्वच्छ, थंडी कडाक्याची, तरी लांबची विमानं पाण्यात बुडवल्यासारखी आली. उन्हाच्या झळा थंडीतही असतात का? — एक वाचक, टोरांटो

असतात, फक्त त्या बहुतेक तुमच्या गाडीतून येतात. हीटर लावून गाडीत बसायचं, काच खाली करून लेन्स बाहेर काढायची : ऊब आणि बाहेरची थंड हवा नेमकी लेन्सच्या तोंडाशी मिसळते. वेगवेगळ्या तापमानाची हवा प्रकाश वेगवेगळा वाकवते आणि कडा थरथरतात. यावर कोणतंही सॉफ्टवेअर चालत नाही. गाडीतून उतरा, बॉनेटपासून चार पावलं दूर व्हा आणि लेन्स थंड व्हायला अर्धा तास द्या. घरातून आलेली लेन्स स्वतःच आतल्या हवेत झळा तयार करते. लेन्सच्या तोंडावर बसवायच्या हुडमध्येही ऊब साठते. सूर्य समोर नसेल तर हुड काढून बघा. चालू गाड्यांवरून किंवा इमारतीच्या धुराड्यावरून नजर जाईल अशी जागा टाळा.

बर्फ चौकटभर असेल तर कॅमेऱ्याचा प्रकाशमापक त्याला करडा करायला बघतो, त्यामुळे एक्स्पोजरला +१ ते +१.३ स्टॉपची भरपाई द्या. पांढऱ्या विमानावर उजेड जळतोय का ते हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर) तपासा. सूर्य त्या दिवसांत दुपारी एकच्या सुमारास जेमतेम साडेपाच अंश वर येतो आणि पावणेचारच्या आत मावळतो, त्यामुळे आयएसओ ८०० ते १६०० ला घाबरू नका. जादा बॅटऱ्या कोटाच्या आतल्या खिशात. परतताना कार्ड आधी काढून घ्या, मग कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा आणि खोलीत दोन तास उघडू नका. नाहीतर दव लेन्सच्या आत बसतं.

७४७ मालवाहू विमानांतले प्रकार खालून कसे ओळखायचे? — एक वाचक, सांगली

पंखांची टोकं बघा. वर वळलेले विंगलेट असतील तर ७४७-४००. टोक नुसतंच मागे निमुळतं गेलं असेल आणि इंजिनाच्या आवरणाची मागची कड करवतीसारखी दातेरी असेल तर ७४७-८. मग कुबड (नाकामागचा वरच्या मजल्याचा फुगवटा) बघा. ४०० मध्ये कुबड आखूड असेल तर ते कारखान्यातूनच मालवाहू म्हणून निघालेलं, नाक उचलून उघडणारं विमान. कुबड लांब असेल तर ते प्रवासी विमान नंतर बदलून केलेलं आणि त्याचं नाक उघडत नाही. दोनच इंजिनं आणि प्रत्येक मुख्य पायाला सहा चाकं दिसली तर ते ७७७.

७४७ आता बनत नाही. एकूण १,५७४ बनली, शेवटचं ७४७-८एफ ३१ जानेवारी २०२३ ला ॲटलास एअरला दिलं गेलं. त्यामुळे जमेल तेवढी टिपून ठेवा, एवढा हट्ट आमचाही आहे.

नोंदणी क्रमांकात ‘बी’ दिसलं की लगेच चीन लिहू नका. ‘बी’नंतर पाच आकडे असतील तर तैवान, तीन अक्षरं असतील तर हाँगकाँग किंवा मकाव, चार चिन्हं असतील तर चीनची मुख्यभूमी. आणि नोंदवहीत तारीख यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा, कॅमेऱ्याचं घड्याळही तसंच लावा. शांघायहून मंगळवारी रात्री आठला निघालेलं विमान अँकरेजला मंगळवारीच दुपारी उतरतं, कारण मधे तारीखरेषा आहे. स्थानिक वेळ लिहिलीत तर वर्षभराने आपलीच वही आपल्याला कळत नाही.

लेक हूडवरच्या विमानांचे पंखे (प्रॉपेलर) फोटोत थिजलेले येतात. — एक वाचक, कोल्हापूर

शटर जास्त वेगवान ठेवता आहात. बीव्हरचं इंजिन उड्डाणाच्या वेळी मिनिटाला २,३०० फेरे घेतं आणि पंखा थेट त्यालाच जोडलेला असतो, म्हणजे सेकंदाला ३८ फेरे. १/१००० ला पाती फक्त १४ अंश फिरतात, म्हणून ती काठीसारखी उभी दिसतात. तीन पात्यांचं पूर्ण वर्तुळ हवं तर १२० अंश फिरायला हवं, म्हणजे १/१२५ च्या किंचित खाली. दोन पाती असतील तर १/८० च्याही खाली. डीसी-६ सारखं जुनं चार इंजिनांचं विमान दिसलं तर १/६०, कारण तिथे गिअरमुळे पंखा इंजिनाच्या निम्म्याहून कमी वेगाने फिरतो. इतक्या सावकाश शटरला जवळच्या विमानाचं नाक आणि शेपूट थोडं फिसकटतं. विमानाच्या निरनिराळ्या भागांचा कोन डोळ्यासमोर वेगवेगळ्या गतीने बदलतो, त्यामुळे तुम्ही ज्या भागाला धरून फिरता तोच धारदार येतो. कॉकपिट धरा. थोडं लांब उभं राहिलात तर हा दोष कमी होतो.

तळ्याभोवतीच्या रस्त्यांवर विमानं रस्ता ओलांडतात आणि आधी जायचा हक्क त्यांचा असतो. धक्के खासगी आहेत, त्यांवर चढू नका.

ड्रोन नेला तर? — एक वाचक, पुणे

नेऊ नका. तिथलं हवाई क्षेत्र नियंत्रित आहे, आणि पाण्यावरची विमानं फार खालून उडतात.

जाण्याआधी पुण्यात सराव करता येईल का? लोहगावच्या कुंपणाबाहेर उभं राहू का? — एक वाचक, विमाननगर

नको. लोहगाव हवाई दलाचं आहे. नाशिकच्या ओझरला आणि गोव्याच्या दाबोळीलाही संरक्षण दलांचा तळ आहे. शिवाय विमानतळावरच्या छायाचित्रणावर १९३७ च्या विमान नियमांतल्या १३ व्या नियमाने बंधन घातलेलं होतं. कुंपणाशी लांब लेन्स घेऊन उभं राहणाऱ्याला पोलिसांना बराच वेळ समजावत बसावं लागेल. विमानांचं रेडिओ संभाषण ऐकणारा स्कॅनरही इथे परवान्याशिवाय वापरू नका. अमेरिकेत तो ऐकायला चालतो.

सराव मात्र विमानाशिवाय उत्तम होतो. ३०० मीटरवरून जाणारं ७४७ डोळ्यासमोरून सेकंदाला साधारण १५ अंश सरकतं. ताशी ३६ किलोमीटरने जाणारी दुचाकी ४० मीटरवरून बघितली तर तीही तेवढीच सरकते. मोकळ्या रस्त्याच्या पदपथावर उभं राहा, ओळखीच्या कुणाला तरी तेवढ्या वेगाने ये-जा करायला सांगा. पाय जाण्याच्या शेवटच्या दिशेला रोवा आणि कमरेतून वळा, हातातून नाही. १/५०० ला नंबरप्लेट स्वच्छ वाचता आली की १/२५० वर या, मग १/१२५ वर. १/१२५ ला दहातले तीन फोटो धारदार आले की लेक हूडला जायला तयार आहात. आकाशातल्या सरावासाठी घारी आहेतच. फोकसचा ट्रॅकिंग मोड कसा वागतो ते त्यांच्यावर तपासा, कारण रिकाम्या आकाशात निसटलेला फोकस परत पकडायला किती वेळ लागतो हे आधी माहीत असलेलं बरं. निसटला तर लेन्स थोडी मागे झूम करा, पकडा, मग पुन्हा पुढे या.