मायकोसिस फंगॉइडिसची पहिली स्लाइड वाचताना

मायकोसिस फंगॉइडिस म्हणजे त्वचेतल्या टी-लिम्फोसाइटचा (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) कर्करोग. त्याच्या पॅच अवस्थेत, म्हणजे सुरुवातीच्या सपाट चट्ट्यांच्या टप्प्यात, निदानाची घाई नको. आधी विचारा, स्टिरॉइड मलम कधी थांबवलं? दोन ते चार आठवडे बंद नसेल, तर लिम्फोसाइट विरळ होतात आणि स्लाइड फसवते. पंच बायोप्सी (गोल पात्याने काढलेला त्वचेचा तुकडा) ४ ते ६ मिमीची, दोन-तीन जागांची मागा. चिमट्याने चिरडलेला तुकडा वायाच. त्यात केंद्रकांचा आकार वाचता येत नाही.

पहिली नजर बेसल थरावर, म्हणजे बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरावर. पांढुरक्या वलयातले, वेड्यावाकड्या केंद्रकांचे लिम्फोसाइट तिथे ओळीने बसलेले आणि त्या मानाने स्पॉन्जिओसिस (बाह्यत्वचेच्या पेशींमधली सूज) नगण्य, हे खरं चित्र. स्पॉन्जिओसिस भरपूर असेल तर आधी एक्झिमाचा विचार करा. पॉट्रिए मायक्रोअ‍ॅब्सेस (बाह्यत्वचेतला लिम्फोसाइटचा पुंजका) शोधत बसू नका, सुरुवातीच्या बऱ्याच केसमध्ये तो नसतोच.

सीडी३, सीडी४, सीडी८, सीडी७, सीडी२० ही पेशींवरची प्रथिनं दाखवणारी रंजकं लावा. नुसता सीडी७ गेला म्हणून निदान देऊ नका, तो साध्या दाहातही कमी होतो. टीसीआर क्लोनॅलिटीला (टी-पेशी एकाच मूळ पेशीपासून, म्हणजे एकाच क्लोनच्या आहेत का, ही चाचणी) खरं वजन येतं ते दोन वेगळ्या जागी तोच क्लोन सापडला तर.

आणि आपल्याकडचे फिकट चट्टे! कुष्ठरोग किंवा कोड म्हणून ते सोडून दिले जातात. मुलांत, तरुणांत हायपोपिग्मेंटेड प्रकार असू शकतो, बऱ्याचदा सीडी८ पॉझिटिव्ह. खात्री नसेल तर रिपोर्टमध्ये ‘सुसंगत, निर्णायक नाही’ लिहा आणि पुन्हा बायोप्सी सुचवा.