दमा, उभे राहण्याची ढब आणि पायांवरील भार

प्रश्न : माझे वय ४६ असून लहानपणापासून दमा आहे. राजवाड्याजवळच्या दुकानात मी दिवसभर उभा असतो. माझ्या चपला टाचेआधी चवड्याशी झिजतात. याचा दम्याशी संबंध असेल का, आणि बुटात खास गादी घातल्यास धाप कमी होईल का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : संबंध असू शकतो, पण गादीने धाप कमी होणार नाही. दम्यात श्वासनलिका आकुंचन पावून हवा पुरती बाहेर पडत नाही, छाती फुगलेली राहते, श्वासपटल (छाती व पोट यांमधला श्वास घेणारा स्नायूचा पडदा) सपाट होते आणि त्याचे काम मानेचे व खांद्यांचे स्नायू अंगावर घेतात. त्यामुळे खांदे वर चढतात, मान पुढे येते आणि एरवी टाचांवर अधिक असणारा भार चवड्यांकडे सरकू शकतो. शिवाय श्वासपटल कण्यालाही आधार देते, हे सहसा कोणी सांगत नाही.

तथापि केवळ चपलेवरून दम्याला दोष देणे घाईचे ठरेल. गल्ल्यावर वाकून उभे राहण्यानेही तसेच होते. गादीने तळव्यांना आराम मिळेल. श्वासनलिकेची सूज मात्र डॉक्टरांनी नेमून दिलेल्या इन्हेलरनेच आटोक्यात राहते. स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या असतील, तर हाडांची घनता तपासून घ्यावी, कारण ठिसूळ मणके दबूनही पाठीला बाक येतो. आरशासमोर शांतपणे श्वास घेऊन पाहा. प्रत्येक श्वासाला खांदे उचलले जात असतील, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगा.